होडीघराचा दाखला

समुद्रकाठचं जुनं घर सुटीतल्या पाहुण्यांना भाड्यानं द्यायचं असेल, तर ते १९ फेब्रुवारी १९९१ च्या आधीपासून तिथं उभं आहे हे दाखवावं लागतं. किनाऱ्यावरच्या बांधकामांना लगाम घालणारी पहिली अधिसूचना त्या तारखेची. सगळे तिला नुसतं ‘सीआरझेड’ म्हणतात. पुढं २०११ आणि २०१९ साली ती नव्यानं निघाली, कलमं बदलली, पण १९९१ ची रेघ कचेऱ्यांच्या डोक्यात पक्की बसली आहे. नवं बांधणाऱ्याला नाना परवानग्या लागतात. जुन्या राहत्या घरात मात्र जोतं न वाढवता आणि दर्शनी रूप न बदलता स्थानिक कुटुंबाला होमस्टे चालवता येतो. सदाशिवगडच्या माझ्या मामांना नेमकं तेच करायचं होतं. घर जुनं आहे हे दाखवणं सोपं गेलं. ते घरच आहे, हे दाखवताना घाम फुटला, आणि त्याला कारण झाली एक याट, म्हणजे साहेबलोकांची हौसेची शिडाची बोट.

मी बेळगावची, शहापुरातली. आजोळ काळी नदीच्या मुखाशी. नदीच्या उत्तरेला सदाशिवगडचा डोंगर, दक्षिणेला कोडीबाग आणि पुढं कारवार शहर. खानापूर, लोंढा, रामनगर, जोयडा करत अणशीचा घाट उतरला की हवा एकदम चिकट होते आणि आजोळ आलं असं समजायचं. मामा-मामी मागच्या मोठ्या घरात राहतात. पुढं, पाण्याकडे तोंड करून, एक लांबट बैठं घर आहे. लांबी तीस फूट, रुंदी जेमतेम बारा. त्याला घरातले सगळे ‘याटघर’ म्हणतात. लहानपणी आम्ही भावंडं सुटीत तिथंच झोपायचो, कारण रात्री पाण्याचा आवाज यायचा आणि मोठ्यांची नजर पोचायची नाही.

याटघराची गोष्ट आम्ही आजीकडून ऐकलेली. एक कलेक्टरसाहेब होता, त्याची पांढरी याट होती, ती पावसाळ्यात या घरात ठेवायचे, आणि साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा त्यानं खूश होऊन घर पणजोबांना बक्षीस दिलं. किनाऱ्यावरच्या दर दुसऱ्या गावात असा एक दानशूर साहेब असतोच. मला ती गोष्ट मोठेपणी कधी पटली नव्हती. साहेबलोक जाताना खुर्च्यासुद्धा लिलावात काढत. पण मामांनी होमस्टेसाठी नाव ठरवून टाकलं होतं, ‘कलेक्टर्स याट कॉटेज’, आणि मुंबईतल्या मामेभावानं इंटरनेटवर टाकायला इंग्रजी मजकूरही तयार ठेवला होता.

कागदांचं काम माझ्याकडे आलं, कारण मला कानडी वाचता येतं. माझे वडील म्हणायचे, सीमाभागातल्या माणसाला दोन लिप्या याव्या लागतात, एक भांडायला आणि एक काम करून घ्यायला.

सुरुवात माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेपासून झाली. आत घरपट्टीच्या पावत्या, नारळांचे हिशेब, दोन-तीन दस्त आणि मोडीतली एक कीर्द. बऱ्याच पावत्यांवरची तारीख शाई उडाल्यानं गेलेली, काहींचा कोपरा वाळवीनं खाल्लेला. मग मी तारीख सोडून बाकी सगळं वाचायला लागले, आणि ते फार कामाला आलं. रक्कम रुपये-आणे-पैत असेल, तर पावती साधारण १९५७ च्या आधीची, कारण त्या वर्षीच्या १ एप्रिलला नवे पैसे आले. शिक्क्यात ‘मुंबई’ असेल तर १ नोव्हेंबर १९५६ च्या आधीची. त्या दिवशी बेळगाव, धारवाड, विजापूर आणि कारवार हे जिल्हे मुंबई राज्यातून काढून म्हैसूरला जोडले गेले. आमच्याकडे त्या तारखेबद्दल काय बोललं जातं ते सीमाभागातल्या कोणाला सांगायला नको, पण कागद लावून ठेवायला ती तारीख उत्तम. शिक्क्यात ‘म्हैसूर राज्य’ असेल तर १९५६ ते १९७३ मधली. १ नोव्हेंबर १९७३ ला राज्याचं नाव कर्नाटक झालं. आणि ‘मंडल पंचायत’ असं लिहिलेलं असेल तर हातात सोनंच, कारण कर्नाटकात मंडल पंचायती १९८७ च्या निवडणुकांनंतर चालल्या आणि १९९३ च्या कायद्यानं गेल्या. मामींनी जेवणाच्या टेबलावर चार ढीग लावून दिले आणि प्रत्येकावर एकेक वाटी उपडी ठेवली, पंख्यानं उडू नयेत म्हणून.

पावत्यांवर छापील मजकूर कानडीत आणि हातानं लिहिलेलं नाव देवनागरीत, असाही एक काळ होता. त्या पावत्या मी जरा जास्त वेळ हातात धरल्या.

या ढिगांवरून मालमत्ता जुनी आहे हे कोणीही मान्य केलं असतं. पहाणीचा, म्हणजे सातबारासारखा, उतारा आता कर्नाटक सरकारच्या ‘भूमी’ या संगणकी नोंदींवरून मिळतो, तो काढला. त्यानंतर ईसी, म्हणजे मिळकतीच्या नोंदलेल्या व्यवहारांचा आणि बोज्यांचा दाखला. साल २००४ च्या पुढचं संगणकात सापडतं. त्याआधीचं हवं असेल तर अर्ज देऊन, फी भरून, जुन्या सूच्यांमधून शोध घ्यायला लावावा लागतो. आमच्या ट्रंकेतल्या खरेदीखताचं पहिलं पान अर्धं गेलेलं होतं, पण स्टॅम्प पेपरवर सहाव्या जॉर्जचं डोकं शाबूत होतं. हा राजा गादीवर आला १९३६ च्या डिसेंबरात. तेवढ्यावरून शोध कुठल्या वर्षापासून घ्यायचा ते ठरलं. काही आठवड्यांनी नक्कल मिळाली आणि घरात दोन दिवस कोणी मामांशी धड बोललं नाही.

खरेदी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली होती. बक्षीसपत्र नव्हतंच, पणजोबांनी रोख पैसे मोजले होते. विकणाराही साहेब नव्हता. तो हल्याळकडचा लाकडाचा ठेकेदार, आणि त्यानं ती मिळकत आधी जंगलखात्यातल्या एका अधिकाऱ्याकडून घेतली होती. कलेक्टरचा कुठं पत्ता नाही. मला हे कलेक्टरपेक्षा पटण्यासारखं वाटलं. काळीच्या खोऱ्यातला साग म्हणजे या जिल्ह्याची खरी दौलत. ओंडके नदीतून खाली येत, त्यामुळं जंगलखात्याच्या माणसाचं निम्मं आयुष्य या पाण्यावर जात असणार. पण दस्तातलं परिशिष्ट वाचल्यावर माझ्या पोटात गोळा आला. मिळकतीचं वर्णन असं होतं: कौलारू बोट शेड एक, घसरणीसह; शिडाची बोट एक, नादुरुस्त, डोलकाठी, शिडं आणि शिशासह.

शेड. आख्ख्या दस्तात घर असा शब्दच नव्हता.

कचेरीतल्या माणसानं तो कागद पाहिला, चष्मा वर केला आणि कानडीत शांतपणे सांगितलं, बाई, कायदा राहत्या घरांना सवलत देतो. ही बोट ठेवायची शेड आहे, हे तुम्हीच मला आणून दाखवताय. मी म्हटलं, सर, पन्नास-साठ वर्षं माणसं राहतायत त्यात. तो म्हणाला, असतील, पण कागद? मी आणलेला कागद त्यानं माझ्याकडेच सरकवला. माणूस वाईट नव्हता. पुढच्या खेपेला त्याच्या जागी दुसरा आला, त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, आणि तिसऱ्यानं फाईलच दुसऱ्या टेबलावर पाठवून दिली. त्या टेबलावर ती पावसाळाभर राहिली.

बाहेर पडल्यावर मामा म्हणाले, “याट म्हटलं की पाहुणे येणार, आणि याट म्हटलं की परवानगी जाणार. कसं करायचं आता?” खरंच, पाहुण्यांना जी गोष्ट विकायची होती, तीच कचेरीत आमच्या विरुद्ध साक्ष देत होती.

फाईल अडकली त्या काळात मी दोन कामं केली. एक पुस्तकातलं, एक छपरावरचं. पुस्तकातलं थोडक्यात सांगते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पंधरावा खंड कानडा जिल्ह्यावर आहे, १८८३ सालचा. त्यातून कारवारचं बंदर का उभं राहिलं ते कळतं. अमेरिकेत यादवी सुरू झाली, मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस अडला, आणि धारवाडकडचा कापूस बाहेर काढायला जवळचं बंदर हवं म्हणून कारवारवर सगळ्यांचे डोळे लागले. १८६२ साली उत्तर कानडा मद्रासकडून मुंबईकडे आला तो याच धामधुमीत. बंदरात १८६४ साली ऑयस्टर रॉकवर दीपगृह झालं. पुढं १८८० च्या दशकात हुबळीकडून मुरगावला आगगाडी गेली आणि माल तिकडे वळला. कारवारात मागं राहिले कलेक्टर, जज्ज, जंगलखातं आणि एक सुंदर, बऱ्यापैकी रिकामी खाडी. हौसेनं शीड उभारायला याहून चांगली जागा कुठली?

हौसेची होडी इथं नवी नव्हती याला एक मोठा साक्षीदारही आहे. सत्येंद्रनाथ टागोर, आयसीएस होणारे पहिले भारतीय, कारवारला जिल्हा न्यायाधीश होते. १८८३ साली त्यांचे धाकटे भाऊ रवींद्रनाथ इथं राहून गेले. एका चांदण्या रात्री छोट्या होडीतून काळी नदीत वर जाऊन, डोंगरी किल्ला पाहून, परतताना वाळूतून चालत आल्याची आठवण त्यांनी लिहून ठेवली आहे. कारवारच्या किनाऱ्याला आज त्यांचं नाव आहे. त्या होडीचा आमच्या घराशी काही संबंध नाही, हे मी मामेभावाला तीनदा बजावलं. त्यानं तोवर मजकुरात ‘टागोर’ घालून झालं होतं.

छपरावरचं काम जास्त मोलाचं ठरलं. कौलं गळत होती, दुरुस्ती करायचीच होती, म्हणून माजाळीकडचे एक म्हातारे मेस्त्री बोलावले. त्यांचे वाडवडील होड्या बांधायचे. हल्ली फायबरच्या होड्या आल्यापासून ते दारं-खिडक्या करतात. त्यांनी छप्पर उतरवायच्या आधी खाली उभं राहून बराच वेळ वर बघितलं आणि मामींना विचारलं, “वहिनी, आढं कधी नीट बघितलंय?”

आम्ही कोणीच बघितलं नव्हतं. बाकी वासे चौकोनी तासलेले, आढं मात्र गोल. एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाकडे निमुळतं होत गेलेलं. त्या निमुळतेपणामुळं छपराच्या एका बाजूला खाली ठोकळे घालून उंची जमवली होती. मेस्त्री शिडीवरून वर गेले, बोटानं चाचपलं आणि म्हणाले, ही डोलकाठी. वरच्या टोकाला दोरी फिरायची चाकी बसवायची खाच अजून आहे, तिच्यात गांधीलमाशांचं पोळं झालंय. लाकूड त्यांनी नखानं खरवडून, वास घेऊन ओळखलं. घाटात उगवणारं पूनचं झाड, सरळसोट, हलकं, चिवट. इंग्रज त्याला पूनस्पार म्हणत आणि डोलकाठ्यांसाठी या जिल्ह्यातल्या जंगलातून ते मुद्दाम नेत. म्हणजे बोट कुठली का असेना, तिची काठी इथलीच होती.

मग त्यांना चेवच चढला. खिडक्यांच्या झडपा त्यांनी काढून उन्हात ठेवल्या. फळ्या सागाच्या, आणि किंचित वाकलेल्या. आम्हाला वाटायचं दमटपणानं वाकल्या असतील. ते म्हणाले, साग असा वाकत नाही, वाकवलेला आहे. ह्या बोटीच्या कुशीच्या फळ्या. फळ्यांच्या कडेनं ठरावीक अंतरावर बारीक भोकं होती, काहींत हिरवट खिळा शिल्लक होता. तांब्याचा. इथला मच्छीमार तांब्याचा खिळा कशाला वापरेल? रापणीच्या होड्या तर काथ्यानं शिवलेल्या असायच्या, खिळाच नाही, म्हणजे वाळूवर आपटली तरी अंग देते. मोठ्या मचव्याला लोखंडी खिळे, आणि बुडाला मुशीच्या तेलाचे हात. तांब्याचा खिळा आतल्या बाजूनं चकतीवर ठोकून बसवणं हे हौशी बोटीचं काम, वजन कमी आणि बाहेरून अंग गुळगुळीत. मेस्त्रींनी एक खिळा काढून खिशात टाकला. मामांनी बघितलं, पण काही बोलले नाहीत.

कपडे टांगायच्या खुंट्या म्हणून ज्यांना आम्ही लहानपणापासून लोंबकळायचो, त्या शिडाच्या दोऱ्या बांधायच्या दोन शिंगांच्या खुंट्या निघाल्या. मोरीच्या बाजूची जमीन उतरती का, याचंही उत्तर मिळालं. बोट पाण्यातून ओढून आत घ्यायची घसरण तिथून सुरू व्हायची. पाण्याकडची भिंत बाकीच्या भिंतींहून पातळ होती. ती नंतर घातलेली. मुळात तिथं भिंतच नव्हती, पूर्ण रुंदीचा दरवाजा होता. जूनच्या पहिल्या पावसाआधी बोट आत, आणि नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळला की बाहेर. मचवेवाल्यांचाही क्रम तोच, फक्त त्यांच्या होड्यांना घर नसायचं, चुडतांनी शाकारलेला मांडव असायचा.

कौलांचं प्रकरण वेगळंच. मामा लहानपणापासून सांगत आलेले की घर १८६५ सालचं आहे, कारण कौलावर तसं कोरलेलं आहे. कौल उलटं केलं तर खरंच होतं: बासेल मिशनचं नाव आणि १८६५. पण ते कारखान्याचं साल. मंगळुरात या जर्मन-स्विस मिशननं कौलांचा कारखाना त्या वर्षी काढला आणि पुढं वर्षानुवर्षं तोच आकडा छापत राहिले. पहिल्या महायुद्धात हे कारखाने शत्रूची मालमत्ता म्हणून सरकारच्या ताब्यात गेले, मग कॉमनवेल्थ ट्रस्टकडे. आमच्या छपरावर दोन्ही नावांची कौलं मिसळलेली होती, म्हणजे शाकारणी निदान दोनदा झालेली. मामांना मी हे सगळं समजावलं. ते म्हणाले, “असेल. पण लिहिलंय तर १८६५च की.”

आता प्रश्न उरला तो, शेडचं घर कधी झालं? ते सांगितलं मोडीतल्या कीर्दीनं. मला मोडी येत नाही. बेळगावातले एक निवृत्त शिक्षक अजून वाचतात. त्यांच्याकडे संध्याकाळी चहा घेत घेत पानं उलगडत गेलो. पणजोबांना याटेचं सोयरसुतक नव्हतं. त्यांना नारळ ठेवायला पाण्याजवळ कोठार हवं होतं. बोट बांधावरच सडत होती. खरेदीनंतरच्या पहिल्याच पानांत नोंद आहे की शिसं वितळवून कोळ्यांना पागाच्या, म्हणजे फेकायच्या जाळ्याच्या, वजनांसाठी विकलं. म्हणजे साहेबाच्या बोटीला उलटू न देणारं वजन पुढं काळीच्या पाण्यात शेवटं आणि काळुंद्रं ही मासळी पकडत फिरलं. शिडाच्या कापडाची नोंद त्याच्यापुढं: दोन तुकडे भात वाळवायला ठेवले, एक बैलगाडीवर घालायला दिला. शिक्षक हसायला लागले. म्हणाले, तुमच्या पणजोबांनी बोटीचा एक दोरा वाया घालवला नाही हो. मला मात्र तेवढ्यात निराळंच काही दिसलं. त्याच कीर्दीत, थोड्या वर्षांनी, सुताराची मजुरी, चिरे, चुना आणि ‘पुढील भिंत व चूल’ असा खर्च होता.

चूल! शेडमध्ये चूल कोणी घालत नाही.

आजोबांचं लग्न झालं तेव्हा मोठ्या घरात भाऊबंदकीनं जागा नव्हती, म्हणून नव्या जोडप्याला होडीघर मिळालं होतं. आजीनं आम्हाला हे कधी सांगितलं नाही. कलेक्टर तिनं रंगवून सांगितला, पण कोठारात संसार मांडल्याचं चकार शब्दानं नाही. मामींना त्याचं आश्चर्य वाटलं नाही. त्या म्हणाल्या, कुठली सासू सुनेला सांगेल, की मला गोदामात उतरवलं होतं?

मोडी कीर्द घरची, त्यामुळं कचेरी ती पुरावा म्हणून धरणार नाही हे उघड होतं. पण तिनं कुठं शोधायचं ते दाखवून दिलं. मोठी मावशी त्या होडीघरात जन्मली असणार. जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीत तिची नोंद सापडली, आणि त्यात घर नंबर होता. तो नंबर मोठ्या घराचा नव्हता. मग ट्रंकेतल्या पावत्या पुन्हा काढल्या, या वेळी शिक्क्यांसाठी नव्हे, नंबरांसाठी. म्हैसूर राज्याच्या ढिगात दोन वेगवेगळ्या नंबरांच्या घरपट्ट्या होत्या, दोन्ही भरलेल्या, आणि दुसरा नंबर मावशीच्या नोंदीतला. मंडल पंचायतीच्या ढिगातही तोच. त्याला जोड मिळाली स्वतंत्र वीजमीटरची. १९९१ च्या आधी त्या नंबरावर घर म्हणून कर घेतला गेला होता, हे ज्यांनी घेतला त्यांच्याच शिक्क्यानं सिद्ध झालं.

मधल्या काळात ऑगस्ट उजाडला होता. ७ ऑगस्ट २०२४ ला मध्यरात्र उलटल्यावर काळीवरचा जुना पूल कोसळला, एक ट्रक पाण्यात गेला, आणि सदाशिवगडहून कारवारच्या कचेऱ्यांत जायचं म्हणजे उरलेल्या एका पुलावर दोन्ही दिशांच्या गाड्यांच्या रांगेत उभं राहायचं असं होऊन बसलं. मामा जुने दिवस आठवून सांगत, की पूल नव्हता तेव्हा तरीनं कोडीबागेला जायचो, तेही यापेक्षा लवकर व्हायचं. फाईल अडलेली, पूल पडलेला, आणि मी रांगेत बसून बेळगावच्या शाळेतल्या चाचणीचे पेपर तपासतेय, असा तो पावसाळा.

दिवाळीनंतर महजर, म्हणजे जागेचा पंचनामा, करायला माणसं आली. दोघं, एक टेप, एक कागदी नकाशा. जोतं मोजलं. घसरणीपाशी येऊन थांबले. हे जोत्यात धरायचं की नाही यावर त्यांचाच आपसात बराच वेळ खल झाला. धरलं तर जोतं मोठं दिसतं, आणि जुन्या नकाशात ते नाही. न धरलं तर मग हे पाण्यात गेलेलं चिऱ्यांचं बांधकाम काय, असा सवाल. मी काही सुचवायला तोंड उघडलं, तर मामींनी मागून पदर ओढला आणि सोलकढीचे पेले पुढं केले. शेवटी त्यांनी लिहिलं: राहतं घर, कौलारू, पुढं जुना चिरेबंदी उतार, वापरात नाही. ‘वापरात नाही’ हे मामांना लागलं, कारण ते रोज संध्याकाळी त्या उतारावर बसून गळ टाकतात. मी म्हटलं, त्यांनी ते पाहिलं नाही, हे आपलं नशीब.

त्यानंतर पंचायतीची ना हरकत, पोलिसांची ना हरकत, पर्यटन खात्याकडे नोंदणी. ही कामं कोणत्याही होमस्टेला लागतात तशीच, कंटाळवाणी, पण सरळ. कोणी हे करायला निघालं असेल तर एकच सांगते: खरेदीखत दाखवायच्या आधी घरपट्टीच्या पावत्या दाखवा. खरेदीखतात त्या दिवशी मिळकत काय होती ते असतं, नंतर तिचं काय झालं ते पंचायतीच्या वहीत.

नावावरून झालेलं भांडण परवानगीपेक्षा लांबलं. ‘कलेक्टर’ गेला, तो मी घालवला नाही, दस्तानंच घालवला. मग मामेभावानं नवं काढलं. त्यानं वाचलं होतं, की १८९८ साली इंग्लंडात ‘सीबर्ड’ नावाच्या वीस फुटी शिडाच्या बोटींचा वर्ग निघाला, आणि १८४६ पासून चालत आलेल्या मुंबईच्या रॉयल बॉम्बे यॉट क्लबात त्याच नावाच्या बोटींच्या शर्यती अजून होतात. आमच्या तीस फुटी घरात वीस फुटी बोट बरोबर बसते, म्हणून नाव ‘सीबर्ड कॉटेज’. त्याला फोनवर मामांनी जे सुनावलं ते पूर्ण लिहिता येणार नाही. कारवारात सीबर्ड म्हणजे नौदलाचा तळ. २००५ साली आयएनएस कदंब सुरू झालं, त्याआधी अरग्यापासून पुढच्या गावांतली किती घरं, किती शेतं त्या प्रकल्पाखाली गेली. मामींचं माहेर त्यातलंच. “माझ्या दारावर ते नाव लावलंस तर मी आत पाय ठेवणार नाही,” एवढंच त्या म्हणाल्या, आणि विषय मिटला. पुण्याच्या पाहुण्याला तो शब्द गोड वाटला असता, हे खरं. पण पाटी काही फक्त पुण्याचे पाहुणे वाचत नाहीत.

आता पाटीवर ‘होडीघर’ आहे, देवनागरीत आणि कानडीत. आत, आढ्याखाली, एक लहान फळा लावला आहे. त्यावर मी चारच ओळी लिहिल्या. जंगलखात्याच्या अधिकाऱ्याची शिडाची बोट, लाकडाचा ठेकेदार, नारळाचं कोठार, मग आजी-आजोबांचा संसार. मामेभावाला वाटतं की कोठार आणि ठेकेदार गाळावेत, लोक सुटीला येतात, महसूल कचेरीत नाही. मामींनी उलट एक ओळ वाढवायला लावली: मोठी मावशी इथं जन्मली. मेस्त्रींना फळा दाखवला तेव्हा ते म्हणाले, आढ्याला बाण काढा, नाहीतर कोण वर बघणार? बाण काढला. त्यांनी सांगितलेल्या आणखी एका दुरुस्तीला पैसे उरले नव्हते, ती पुढच्या वर्षी.

पाहुणे येतात. हुबळीचे, कोल्हापूरचे, बेळगावचे तर बरेच. पहिला प्रश्न एसीचा, दुसरा मासळीचा. बोटीचं विचारणारे थोडे, पण विचारतात ते खोलात विचारतात. एका पाहुण्यानं खिडकीच्या झडपेवर हात फिरवून आपणहून सांगितलं की ही फळी वाकवलेली आहे, आणि मामांनी त्याला त्या रात्रीचं जेवण फुकट घातलं. शाकारणीत उरलेली जुनी कौलं अंगणात रचून ठेवली आहेत. मुलं ती उलटून बघतात आणि ओरडतात, अहो आजोबा, हे घर १८६५ चं आहे का? फळ्यावर तो आकडा कुठंही नाही. मी तिथं असले तर मामा माझ्याकडे बघतात, नसले तर सरळ हो म्हणून सांगतात.